डोळा लाल झाला तर

सुगीचे दिवस असतात. खळ्यावर मळणी चाललेली असते, भुसा वाऱ्यावर उडत असतो, आणि एवढ्यात कोणाच्या तरी डोळ्यात कुसळ जाते. तो हातातील काम टाकून डोळा चोळतो, कोणी फुंकर घालते, कोणी पदराच्या टोकाने कुसळ काढू पाहते, आणि घटकाभराने मळणी पुन्हा सुरू होते. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात डोळा लाल दिसतो. ‘धुळीने झाला असेल, सकाळपर्यंत बरा होईल’ असे म्हणून मंडळी निजतात. बहुतेक वेळा तो बराही होतो. परंतु ज्या थोड्या वेळा तसे घडत नाही, त्या वेळी एका कुसळापायी माणसाची जन्माची दृष्टी जाते.

याच्या उलट प्रकारही आपल्या घरांत घडतो. आजोबांच्या डोळ्यात सकाळी अचानक रक्ताचा लालभडक डाग दिसतो आणि सारे घर घाबरून जाते. वास्तविक तो डाग डोळ्यास सहसा काहीच अपाय करीत नाही. म्हणजे जेथे भ्यावयाचे तेथे आपण निश्चिंत असतो आणि जेथे निश्चिंत असावयाचे तेथे भितो. हा फरक ओळखता यावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

लाली कशामुळे येते?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक अतिशय पातळ व पारदर्शक अस्तर असते. तेच अस्तर पापण्यांच्या आतील बाजूनेही पसरलेले असते. त्यात केसांहून बारीक अशा असंख्य रक्तवाहिन्या असतात. एरवी त्या डोळ्यास दिसत नाहीत. धूळ, धूर, जंतू, जखम वा अन्य कशाचाही उपद्रव झाला, की शरीर त्या जागी अधिक रक्त पाठविते, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लाल दिसू लागतो. म्हणजेच लाली हा स्वतः रोग नव्हे. आत काहीतरी बिघडले आहे, अशी ती वर्दी आहे. वर्दी देणाऱ्याचे तोंड बंद केले म्हणून आग विझत नाही. म्हणून केवळ लाली घालविणाऱ्या औषधाच्या मागे न लागता तिचे कारण शोधले पाहिजे.

बुबुळाच्या पुढील बाजूस काचेप्रमाणे स्वच्छ असा एक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. घड्याळावर जशी काच, तसे हे पारपटल. आपल्या दृष्टीची वाट त्यातूनच जाते. पांढऱ्या भागावरील अस्तराचा दाह बहुधा काही दिवसांत निवळतो व मागे खूण ठेवीत नाही. पारपटलावर जखम चिघळली तर मात्र ती भरून आल्यावरही तेथे पांढुरका वण राहतो. लोक त्यालाच ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. काच एकदा धुरकट झाली, की मग डोळ्याचे बाकी सर्व यंत्र ठीक असूनही दिसत नाही.

चार प्रश्न

डोळा लाल झाला की कोणतेही औषध शोधण्यापूर्वी रोग्यास चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : डोळा दुखतो काय? खाज, चुरचुर किंवा वाळूचे कण रुतल्यासारखे वाटणे निराळे आणि आत ठणका लागणे निराळे.

दुसरा प्रश्न : नजर मंदावली आहे काय? याची परीक्षा घरीच करता येते. चांगला डोळा तळहाताने झाकावा व लाल डोळ्याने भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे वाचावेत. मग हीच परीक्षा दुसऱ्या डोळ्याची करावी. चिपडे पुसल्यावरही लाल डोळ्यास अंधूक दिसत असेल, तर ते चिन्ह चांगले नव्हे.

तिसरा प्रश्न : उजेड असह्य होतो काय? रोगी दाराकडे पाठ करून बसत असेल, अंधाऱ्या कोपऱ्यात जात असेल, तर लक्ष द्यावे.

चौथा प्रश्न : बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो काय? हा प्रश्न पाहणाऱ्याने स्वतःस विचारावयाचा. दिवसाच्या उजेडात रोग्यास बसवून नीट पाहावे.

या चारांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असे आले, अथवा लाली येण्यापूर्वी डोळ्यास मार लागला असेल, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. चारही उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर बहुधा एकदोन दिवस वाट पाहण्यास हरकत नाही.

डोळे येणे

लाल डोळ्याचा सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे डोळे येणे. पावसाळ्यात याची साथ येते. सन २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात व देशाच्या इतर अनेक भागांत अशी मोठी साथ आली होती, ती पुष्कळांच्या स्मरणात असेल. पूर्वी १९७१ साली भारतात अशीच साथ पसरली होती. तीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके उमटत असत. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाचे ते वर्ष असल्याने बंगालात लोकांनी त्या रोगाला ‘जय बांगला’ असेच नाव दिले होते.

साथीचा हा रोग बहुधा विषाणूंमुळे होतो. प्रथम एक डोळा व मग दुसरा लाल होतो, पाणी गळते, पापण्या सुजतात, सकाळी त्या चिकटून बसतात. यावर जंतुनाशक थेंबांचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती औषधे विषाणूंवर चालत नाहीत. पडसे जसे आपल्या मुदतीने जाते, तसा हा विकारही एकदोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. घट्ट पिवळा पू वारंवार येत असेल, तर तो दुसऱ्या प्रकारच्या जंतूंचा असण्याचा संभव असतो. तेव्हा वैद्याने दिलेले जंतुनाशक औषध गुणकारी ठरते.

डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने रोग लागतो, ही समजूत खरी नाही. रोग लागतो तो हातांनी. रोगी डोळे पुसतो, त्याच हाताने दाराची कडी, पैसे, मोबाइल यांस स्पर्श करतो. दुसरा त्याच वस्तू हाताळून नकळत आपल्या डोळ्यास हात लावतो. म्हणून काळा चष्मा हा साथ रोखण्याचा उपाय नव्हे; त्याने रोग्यास उजेडाचा त्रास कमी होतो एवढेच. खरा उपाय साबणाने वारंवार हात धुणे हा होय. रोग्याचा पंचा, उशीचा अभ्रा व रुमाल वेगळे ठेवावेत. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून पापण्या आतून बाहेरच्या बाजूस पुसाव्यात व तो कापूस टाकून द्यावा. थंड पाण्याची घडी ठेविल्याने आराम वाटतो. डोळ्यातील पाणी थांबेपर्यंत मुलास शाळेत, बाजारात व चर्चमधील गर्दीत पाठवू नये. आठवड्यानंतर नजर अंधूक वाटू लागली, तर मात्र डोळे दाखवावेत.

ज्यांना फारसे भय नाही असे प्रकार

उन्हाळा आला की काही मुलांचे, विशेषतः मुलग्यांचे, डोळे लाल होतात आणि त्यांना असह्य खाज सुटते. दरवर्षी त्याच दिवसांत हा त्रास उद्भवतो व तारेसारखी चिकट लाळ डोळ्यातून निघते. हा संसर्ग नव्हे. धूळ, पराग अशा गोष्टी त्या मुलाच्या डोळ्यांस मानवत नाहीत. थंड पाण्याच्या घड्यांनी आराम पडतो. मुलास डोळे चोळू देऊ नयेत, कारण वर्षानुवर्षे चोळण्याने पारपटलाचा आकार बिघडतो. हा त्रास दीर्घकाळ चालतो, म्हणून औषध वैद्याच्या देखरेखीनेच घ्यावे.

आरंभी सांगितलेला आजोबांच्या डोळ्यातील रक्ताचा डाग म्हणजे फुटलेल्या एका लहानशा रक्तवाहिनीतून अस्तराखाली साकळलेले रक्त. जोराचा खोकला, शिंक, ओझे उचलणे, शौचास कुंथणे एवढेही कारण त्यास पुरते. दुखत नाही, नजर शाबूत असते, आणि दोनतीन आठवड्यांत तो डाग आपोआप विरून जातो. तथापि त्या निमित्ताने रक्तदाब मोजून घ्यावा, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास वैद्यास तसे सांगावे.

चुलीचा धूर, रात्रीचे जागरण, मद्यपान, उन्हातान्हातील प्रवास यांनीही डोळे लाल होतात. मोबाइलकडे टक लावून पाहताना माणूस पापण्या मिटण्याचे जणू विसरतो, आणि डोळे कोरडे पडून लाल होतात. स्वयंपाकघराला धूर जाण्यास वाट, पुरेशी झोप आणि अधूनमधून दूरवर पाहून डोळ्यांस विसावा, हीच यावरील औषधे. जोडकाम करणाऱ्या कारागिराने चष्मा न लावता ठिणगीकडे पाहिले, तर रात्री डोळ्यांत काचा भरल्यासारखे होऊन तो तळमळतो. हे दुखणे बहुधा एकदोन दिवसांत जाते, परंतु त्यातही वैद्याचा सल्ला घेणेच शहाणपणाचे.

कुसळाची जखम

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भाताचे तूस, ज्वारीचे कणीस, उसाचे पाते, जनावराच्या शेपटीचा फटकारा, यांनी पारपटलावर बारीक ओरखडा उठतो. हा ओरखडा आरशात दिसतही नाही. परंतु पारपटलावरील राखण करणारा थर त्या जागी उखडलेला असतो, आणि पाल्याबरोबर आलेले जंतू वा बुरशी त्या वाटेने आत शिरते. मग तेथे व्रण होतो. शहरातील माणसापेक्षा शेतकऱ्यास याचे भय अधिक. दक्षिण भारतात मदुराई येथे केलेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा व्रणांपैकी जवळजवळ निम्म्यांत बुरशी आढळली होती. बुरशीचा व्रण प्रारंभी मुकाट्याने वाढतो. दुखणे बेताचे असते, आणि रोगी आठवडाभर ‘आज बरे वाटेल, उद्या बरे वाटेल’ म्हणत राहतो. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो, तोपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. त्यानंतर औषध महिनोन्‌महिने चालते, आणि डोळा वाचला तरी वण राहतोच.

हे टाळता येते काय? येते, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारच्या नेपाळ देशातील खेड्यांनी दिला आहे. काठमांडूनजीक भक्तपूर हा जिल्हा आहे. तेथील सुमारे ३५ हजार लोकांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. गावातीलच माणसांना डोळ्यांची प्राथमिक तपासणी शिकविली गेली, आणि डोळ्यास काही लागले तर ताबडतोब त्यांच्याकडे यावे, असे लोकांना सांगण्यात आले. ज्यांच्या पारपटलावर नुसता ओरखडा होता, अशा ४४२ जणांच्या डोळ्यात क्लोरॅम्फेनिकॉल या साध्या व स्वस्त जंतुनाशकाचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस घालण्यात आले. त्यांपैकी ४२४ जणांची जखम व्रण न होता भरून आली. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की जखम झाल्यापासून १८ तासांच्या आत जे आले, त्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. ज्यांना व्रण झाले, ते सर्व उशिरा आलेले होते. या कामाचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला.

वाचकांनी हे १८ तास मनात कोरून ठेवावेत. आज दुपारी दोन वाजता कुसळ लागले, तर उद्या सकाळी आठच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी चढली पाहिजे. तेथील वैद्य डोळ्यात एक रंगीत थेंब टाकून ओरखडा आहे की नाही ते पाहतात आणि योग्य ते मलम देतात. तोपर्यंत आपण करावयाचे एवढेच : डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा, कुसळ त्याने निघाले नाही तर पदराने, काडीने वा जिभेने काढण्याचा यत्न करू नये. लागले असताना दिवस मळणीचा आहे, मजूर खोळंबले आहेत, हे सारे खरे; परंतु एका सकाळचे काम पुन्हा करता येते, डोळा पुन्हा मिळत नाही.

दुकानातील थेंब आणि घरातील उपाय

आपल्याकडे डोळा बिघडण्यास कित्येकदा मूळ जखमेपेक्षा तिच्यावर केलेला उपचारच अधिक कारण होतो. औषधाच्या दुकानात जाऊन ‘लाल डोळ्याचे थेंब द्या’ असे म्हटले, की कधीकधी स्टेरॉइड जातीचे औषध हाती पडते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे. त्यांचा गुण असा, की लाली व चुरचुर झटकन कमी होते. आणि त्यांचा दोषही तोच. शरीराचा प्रतिकार दडपला जातो, बुरशीला रान मोकळे मिळते, आणि डोळा वरून पांढरा दिसत असताना आतून नासत जातो. हेच थेंब महिनोन्‌महिने घातले तर काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. नेत्रवैद्याच्या हाती हे औषध अमोल आहे. त्याच्या सांगण्यावाचून ते डोळ्यात घालणे म्हणजे अंधारात शस्त्र चालविणे होय. शेजाऱ्याची उरलेली बाटली किंवा गतवर्षी फोडलेली बाटली हीदेखील वापरू नये. एकदा उघडलेले थेंब साधारणतः महिन्यानंतर टाकून द्यावेत.

घरगुती उपायांबद्दल वडीलधाऱ्या मंडळींचा अनादर न करता, पण स्पष्टपणे सांगावेसे वाटते. मध, एरंडेल, अंगावरचे दूध, कांद्याचा वा पाल्याचा रस, तुरटीचे पाणी यांपैकी काहीही लाल डोळ्यात घालू नये. डोळा बरा झाला तर तो बहुधा आपोआप बरा झालेला असतो, आणि श्रेय मात्र रसाला मिळते. परंतु पारपटलावर ओरखडा असल्यास त्याच रसातील जंतू आयतेच आत जातात. सुरम्यात पुष्कळदा शिसे असते, म्हणून लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालूच नये.

चुना

सणापूर्वी घराला चुना देताना, किंवा पानाच्या डब्यातील चुन्याची पुडी मुलाने दाबून फोडल्याने, चुना डोळ्यात उडतो. येथे १८ तास तर सोडाच, १८ मिनिटेही थांबता येत नाही. चुना पारपटल जाळीत आत आत जातो. हाती येईल त्या स्वच्छ पाण्याची धार पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास डोळ्यावर सोडावी, पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण भिजलेल्या स्वच्छ कापडाने हलकेच काढावेत, आणि मगच रुग्णालयाकडे धाव घ्यावी. चुन्यावर उतारा म्हणून लिंबाचा रस घालणे म्हणजे जखमेवर जखम करणे होय.

पारपटल बदलण्याची जगातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ज्याच्यावर झाली, तो अलोइस ग्लोगार नावाचा मजूर चुन्यानेच आंधळा झाला होता. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स या गावी, १९०५ सालच्या डिसेंबरच्या ७ तारखेस, डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी, अपघातामुळे काढावा लागलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातील पारपटल त्याच्या डोळ्यांत बसविले. एका डोळ्यातील कलम टिकले व त्यास पुन्हा दिसू लागले. आज ही शस्त्रक्रिया आपल्या देशातही होते. परंतु तिला मृत माणसाचे नेत्र लागतात, आणि ते मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत काढावे लागतात. घरातील वडीलधाऱ्यांनी हयात असतानाच नेत्रदानाची इच्छा मुलांस सांगून ठेविली, तर फूल पडलेल्या एखाद्या डोळ्यात पुन्हा उजेड येऊ शकतो.

आणखी तीन इशारे

पन्नाशीच्या पुढील माणसाचा एक डोळा एकाएकी लाल होऊन भयंकर ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, डोके दुखून उलट्या होऊ लागल्या, तर ते पित्त समजू नये. तो डोळ्यातील दाब एकदम वाढल्याने होणारा काचबिंदूचा झटका असू शकतो, आणि त्यात काही तासांत नजर जाते. दुसरे, बुबुळालगतच लाली, आत ठणका आणि उजेडाचा तिटकारा असेल, तर डोळ्याच्या आतील भागास सूज असण्याचा संभव असतो. तोही थेंब आणून गप्प करण्याचा विकार नव्हे. तिसरे, जन्मल्यापासून महिन्याच्या आतील बाळाचे डोळे लाल होऊन पू येऊ लागला, तर तासभरही दवडू नये. हा संसर्ग प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळास होतो. १८८१ साली जर्मनीतील लाइप्झिगचे डॉ. कार्ल क्रेडे यांनी, जन्मताच बाळाच्या डोळ्यात औषधाचा एक थेंब घालून तो टाळता येतो, असे दाखवून दिले, आणि त्याने असंख्य बालकांची दृष्टी वाचली.

शेवटी

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आपल्याला चटकन दिसते, अशी म्हण आहे. म्हणीतील अर्थ कसाही असो, लाल डोळ्याच्या बाबतीत ते तसे दिसलेच पाहिजे. कारण ज्याला लागले आहे तो कामाच्या भरात ‘काही नाही’ म्हणून उडवून लावतो. घरातील गृहिणीने, शेजाऱ्याने, खळ्यावरील सोबत्याने त्यास हाताला धरून बसवावे, ते चार प्रश्न विचारावेत, आणि गरज दिसल्यास सकाळच्या पहिल्या गाडीने त्याला दवाखान्यात न्यावे. मळणीस, कापणीस, जोडकामास साधा चष्मा लावण्याची सवय त्याहूनही चांगली. डोळ्यापुढील काच फुटली तर बाजारातून दुसरी आणता येईल. डोळ्यातील काच मात्र प्रत्येकाला एकदाच मिळालेली असते.